आत कोण हाय?

माझं डोकं मोठं आहे, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका हेल्मेटवाल्याकडून कळलं. तोवर लोकांच्या शंका फक्त डोक्यात काय आहे एवढ्यापुरत्याच असायच्या. त्यानं शिंप्यासारखी टेप काढली, भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून गोल फिरवली आणि माळ्यावरच्या पोराला हाक घातली, "साठ! एक्सेल टाक रं खाली!"

याआधीचं माझं हेल्मेट हायवेच्या कडेला दोरीवर लटकणाऱ्यांपैकी होतं. इतकं आरामशीर हेल्मेट मी पुन्हा घातलेलं नाही. आत वारा खेळायचा. मी मान वळवली तरी ते समोर बघत राहायचं, त्यामुळे एका अंगाला नेहमी अंधार. पण चावणं नाही, टोचणं नाही. आमचा भाचा शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं एकदा अस्तराखाली अंगठा घालून बघितला.

"मामा, ह्यात थर्माकोलच न्हाई की. नुस्ता स्पंज हाय. ह्येला हेल्मेट न्हाई, टोपी म्हणत्यात."

खरी मेख तिथंच. माणूस आपटला की तो थर्माकोल चिरडतो आणि डोक्याला बसायचा मार स्वतः खातो. त्यासाठीच तो कडक असतो, आणि म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं. म्हणजे माझ्या त्या दोरीवरच्या हेल्मेटचा सगळा गुण म्हणजे आत काहीच नसणं.

मग भाच्यानं माझं डोकं मनावर घेतलं. रोज मोबाइलवर नवं हेल्मेट दाखवायचा. कुठं आत पिवळी सरकती जाळी, डोक्याला बसणारा पीळ कमी करणारी. कुठं काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून दुसरी काच. अमेरिकेत तर 'स्कली' नावाच्या कंपनीनं २०१४ साली मागचा रस्ता डोळ्यासमोर दाखवणारं हेल्मेट काढायचं म्हणून लोकांकडून आगाऊ पैसे घेतले. २०१६ ला कंपनीच बंद पडली, आणि पैसे भरलेले कितीतरी जण डोकं मोकळं ठेवून बसले. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं. भिशी काय फक्त आपल्याच गल्लीत बुडते असं नाही.

शेवटी घेतलं. ब्लूटूथ, आत उतरणारी काळी काच, हनुवटीपाशी माईक. किंमत नऊ हजार. बायकोनं जागेवर हिशेब मांडला.

"हेल्मेट नसलं तर दंड किती?"

"कायद्यानं हजार. शिवाय तीन महिने लायसन्स जातं."

"म्हणजे नऊ वेळा सापडला असता."

"आणि सव्वादोन वर्षं लायसन्स नसतं!"

"मग रंकाळ्याला चालत गेला असता. पोट तरी उतरलं असतं."

एवढ्यावर न थांबता तिनं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. एक किलो सातशे चाळीस. "पावणेदोन किलो गूळ डोक्यावर घेऊन फिरणार तुम्ही," म्हणाली. काळ्या काचेची यंत्रणा, स्पीकर, बॅटरी, एकेक सोय वजन घेऊनच येते हे दुकानात कुणी सांगत नाही. दुकानात ते दोन मिनिटं डोक्यावर असतं. कावळा नाक्याच्या सिग्नलला, एप्रिलात, दुपारी दीड वाजता ते डोक्यावर असताना मानेतली प्रत्येक शीर आपली ओळख करून देते.

आणि ते कपाळावर दाबायचं. कुणी दोन अंगठे रोवून आशीर्वाद देत बसल्यासारखं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "नवी चप्पल चावती का न्हाई? तसंच हाय. बसंल." मी अस्सल कोल्हापुरी माणूस, चपलेचा दाखला दिल्यावर बोलणंच खुंटलं. आठ दिवसांत गालाकडचं खरंच बसलं. कपाळाचं काही बसेना. भाच्यानं उलगडा केला: गालाला स्पंज, तो दबतो, कपाळाला पातळ अस्तर आणि मागं थर्माकोल, तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डोकं लांबट, हेल्मेट गोल. टेपनं घेर कळतो, घाट कळत नाही. (फेट्याचं बघा, कापड मीटरनं मोजतात आणि डोकं बघून बांधतात. लग्नात दिवसभर घातला तरी कपाळ दुखत नाही. असो, फेट्यात थर्माकोल नसतो.)

तरी मी रेटलं असतं. पण दूध कट्टा आडवा आला.

गंगावेशीत समोर म्हैस पिळून पेल्यात फेसाळ दूध देतात, तिथं रात्री थांबलो. हेल्मेट काढून कट्ट्यावर ठेवलं, पेला तोंडाला लावला. आणि हेल्मेटच्या आतून स्पष्ट आवाज आला,

"अहो, कुठाय?"

फोन आपोआप उचलायची सोय भाच्यानंच चालू करून ठेवली होती. गवळ्यानं धार थांबवली. शेजारचे आजोबा वाकून आत बघू लागले. "आत कोण हाय?"

"अहो! मला उत्तर द्या!"

फोन खिशात होता, पण आवाज हेल्मेटात. घाईत काही सुचेना. मी पेला ठेवला, हेल्मेट दोन्ही हातांनी उचललं आणि विहिरीत वाकून बोलावं तसं त्यात तोंड घालून म्हणालो, "गंगावेशीत आहे." ऐकायला कानाला लावायचं, बोलायला तोंडाला. असं चार वेळा झालं. शेवटी ती म्हणाली, "येताना एक लिटर आणा," तेव्हा गवळ्यानं मला न विचारताच किटली पुढं ओढली. मिशीवर फेस तसाच होता हे घरी आल्यावर कळलं.

आता माझ्याकडे साधं हेल्मेट आहे. आयएसआयचं, लांबट डोक्याचं, तेराशे ग्रॅमचं. काहीही बोलत नाही. पंधरा दिवस गालाला चावलं, मग बसलं.

नऊ हजारांचं हेल्मेट पिठाच्या डब्यावर असतं. बायकोनं तिचा फोन त्याला जोडलाय. सकाळी भाकरी थापताना त्यातून गाणी चालू असतात. परवा मी कट्ट्यावरून फोन केला, तर आधी भाकरीचा थपथप आवाज आला आणि मग ती लांबून ओरडली, "बोला, हात पिठात आहेत, मी हेल्मेटात बोलतेय!"