खुनी कोण ते आधी सांगा

जुने रहस्यपट मला मनापासून आवडतात. फक्त बघवत नाहीत. हवेलीतलं धुकं आवडतं, करकरणारं दार आवडतं, नायिकेच्या हातातली मेणबत्तीही आवडते. पण ती मेणबत्ती घेऊन बाई मध्यरात्री जिना चढायला लागली की माझा हात उशीकडे जातो. अगं, कडी लाव आणि झोप की!

आपल्या हिंदी रहस्यपटांचं त्यातल्या त्यात बरं असतं, मध्ये गाणी असतात. १९६४चा 'वो कौन थी' घ्या. घशाला कोरड पडते न पडते तोच मदनमोहनची चाल आणि लताबाईंचा आवाज. तेवढ्यात पाणी पिऊन होतं, गॅलरीत जाऊन बेस्टची बस दिसते का तेही बघून होतं. 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९) यांत मात्र एकही गाणं नाही. दोन्ही चोप्रा बंधूंच्या घरातले. माणसाने उठायचं तरी कधी?

इंग्रजी रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक तर त्याहून निर्दयी. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवायचं आणि टेबलावरच्यांना निवांत गप्पा मारू द्यायच्या, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. 'सायको'तलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं असं वाचलं, तेव्हा वाटलं आता धीर येईल. कसलं काय! भीती होती तेवढीच राहिली, वर लेकीच्या आइस्क्रीमवरचा सॉसही बघवेना.

त्याच्या 'रिअर विंडो'त (१९५४) पाय मोडलेला फोटोग्राफर लेन्स लावून समोरच्या घरांत डोकावतो आणि एका शेजाऱ्याने बायकोचा खून केला असा संशय घेतो. आमच्या लालबागला त्याला लेन्स लागलीच नसती. समोरच्या काकूंनी आमटीला फोडणी हिंगाची दिली की लसणीची, हे आम्ही सोफ्यावरून सांगतो. आणि इथे खून पचणार कसा? सकाळी दूधवाला, मग पेपरवाला, कचरेवाली, भांडी घासणाऱ्या मावशी, शेवटी भिशीचे पैसे मागायला तळमजल्यावरच्या वहिनी. प्रत्येकाला "वहिनी दिसत नाहीत त्या?" याचं उत्तर द्यायचं. त्यापेक्षा माणूस आपणहून पोलिसांत हजर होईल.

माझी खरी भिस्त आईवर. तिने हे सगळे सिनेमे तेव्हाच थिएटरात पाहिलेत. मेथी निवडता निवडता ती पडद्याकडे काडी रोखते, "हाच तो मेला." बायको वैतागते. तिच्या समाधानासाठी मीही वैतागतो. पण खुनी एकदा कळला की मग मी कसा रंगून बघतो! सावल्या, कॅमेरा, पार्श्वसंगीत, सगळ्याची दाद देतो.

परवा 'धुंद' लावला. आई बराच वेळ काडी धरून बसली आणि म्हणाली, "अरे, याचा शेवट नाही रे आठवत."

रात्री साडेअकराला मुलुंडच्या मावशीला फोन लावला. तिने आधी गुडघ्याचं सांगितलं, मग नणंदेच्या सुनेचं. अखेर खुन्यावर आली.

"तू कुठवर बघितलास?"

"अर्धा झालाय."

"मग नाही सांगत बाबा, मजा जाते," म्हणाली आणि फोन ठेवला.