मावशीची कॅलेंडरं आणि गाठीचा नवा तुकडा

मावशीच्या देव्हाऱ्याशेजारी कॅलेंडर टांगलेलं असतं. चार वर्षं रोज सकाळी स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेनची गोळी घेतली की त्या तारखेवर ती पेन्सिलीनं रेघ मारायची. गेल्या पावसाळ्यात गळ्याखालच्या हाडाजवळ गाठ लागली तेव्हा चारही वर्षांची कॅलेंडरं माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "बघ गे, एक दिवस चुकवली नाही. मग माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या खानापूर भागात आजार परत आला की बाईकडंच बोट जातं: पथ्य मोडलं असेल, नवस राहिला असेल. म्हणून हे लिहितेय.

मावशीचा कॅन्सर 'ईआर पॉझिटिव्ह'. म्हणजे त्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घेणारं दार असतं, तेच ईआर, आणि त्या हार्मोनवर त्या वाढतात. मी तिला भाताच्या खाचरावरून सांगितलं. इस्ट्रोजेन हे पाटाचं पाणी. टॅमॉक्सिफेन पाटाच्या तोंडाशी दगडासारखं बसतं. लेट्रोझोल हे दुसरं औषध पाणी तयार होणंच कमी करतं. पण पेशी गप्प बसत नाहीत. काही दुसरीकडून बांध फोडतात. काहींच्या ईएसआर1 या जनुकात असा बदल होतो की पाणी नसतानाही दार उघडंच राहतं. गोळी तीच, घेणारी तीच, पेशी मात्र बदललेली.

मावशी लगेच म्हणाली, "मग दारच काढून टाकायचं."

फुल्वेस्ट्रंटचं इंजेक्शन नेमकं तेच करतं, ते दारच मोडीत काढतं. जोडीला पाल्बोसिक्लिबसारखी गोळी पेशीच्या विभाजनाला खीळ घालते आणि हार्मोनच्या औषधाचा जोर जास्त काळ टिकतो. जानेवारी 2023 मध्ये या गोळीचं भारतातलं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली. तोवर आमच्यासारख्या घरानं तिचं नावही घेतलं नसतं. ईएसआर1 बदललेल्या पेशींसाठी एलासेस्ट्रंट ही गोळीही अमेरिकेत त्याच महिन्यात मंजूर झाली.

ज्या पेशींना हे दारच नसतं त्यांचं काय, हा प्रश्न मला झोपू देत नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की अशा गाठी पीडीजीएफ-सीसी नावाच्या प्रथिनाचा निरोप धाडून आजूबाजूच्या पेशींना आपल्या बाजूला वळवतात. उंदरांमध्ये तो निरोप अडवला तेव्हा कॅन्सरच्या पेशींवर ईआर दिसू लागला आणि टॅमॉक्सिफेन लागू पडलं. उंदरातलं माणसात उतरेलच असं नाही. एन्टिनोस्टॅट हे औषध प्रयोगशाळेत पेशींना पुन्हा हार्मोनच्या औषधाला वळवत होतं, पण मोठ्या चाचणीत त्यानं रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. तरी मी हे काम आशेनं वाचते. टॅमॉक्सिफेनसुद्धा 1962 मध्ये इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक म्हणून शोधलं गेलं होतं आणि त्या कामात ते फसलं होतं.

पण इथं, बेळगावात, मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मावशीला आधी दाखवलं तिथं चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवरच केमो लिहून दिली होती. नव्या गाठीचा तुकडा तपासा, असा हट्ट आम्हाला धरावा लागला. ईआर अजून पॉझिटिव्ह निघाला. यकृत-फुप्फुसं धोक्यात नव्हती, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी केमो बाजूला ठेवून हार्मोनचंच औषध बदललं. हा हट्ट किती घरं धरू शकतात? रिपोर्ट इंग्रजीत, काउंटरवर कन्नड, घरात मराठी. या तिन्हींच्या मधे बाईचा स्वतःचा आजार तिच्या हाती लागतच नाही. कुणीतरी तिच्याजवळ दहा मिनिटं बसून तिच्या भाषेत सांगायला हवं. तुमच्या घरात कुणाचा आजार परत आला असेल तर डॉक्टरांना एवढं विचाराच: नवा तुकडा तपासला का, आणि ईआर काय आला? आणि गोळी मनानं बंद करू नका.

मावशीला आता महिन्याला दोन सुया, दोन्ही बाजूंच्या कुल्ल्यांवर. औषध दाट असतं, हळूहळू सोडावं लागतं, ती दात आवळून पडून राहते. पाल्बोसिक्लिब तीन आठवडे घ्यायची, एक आठवडा सुट्टी. परवा बघितलं तर नव्या कॅलेंडरवर सुट्टीच्या आठवड्यात तिनं रेघेऐवजी छोटे गोल काढलेत, चुकवली असं कुणाला वाटू नये म्हणून.