मग हे भोक कशाला ठेवलंय?

शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात. माझी सीपीयूच्या डब्यात चुकचुकली. टक्. टक्. मग एक बारीक खर्र, आणि पुन्हा टक्. गेल्या गुरुवारची गोष्ट. नळाला पाणी नव्हतंच, त्यात दुपारी लाइटही जाऊन आली. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू व्हायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात मी चहा केला, प्यायलो, बादलीतल्या पाण्यात कप विसळला आणि परत येऊन बसलो, तरी पडद्यावर ते ठिपके गोल गोल फिरतच होते.

आवाज हार्ड डिस्कचा. डिस्क एक टीबीची, २०१४ साली घेतलेली. आत मुलाच्या बारशापासूनचे फोटो, घराचे सगळे कागद स्कॅन करून ठेवलेले आणि बाबांच्या आवाजातलं वीस मिनिटांचं एक रेकॉर्डिंग. त्यात ते बहुतेक वेळ गॅस सिलिंडरवाल्याबद्दल बोलतात. तरीपण.

डिस्क काढून फडक्यात गुंडाळली आणि टिळक रोडवरचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान गाठलं.

काउंटरमागच्या मुलाने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "बॅकअप आहे ना?" मी नाही म्हणालो. तेव्हा कुठे त्याने वर बघितलं.

या प्रश्नाबद्दल मला जरा बोलायचंय. गुरुवारपासून तो मला बायकोने, मेव्हण्याने, शेजारच्या आठवीतल्या मुलीने आणि डिस्कशी काहीही संबंध नसलेल्या इस्त्रीवाल्याने विचारलाय. अपघातात गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला गेल्यावर "हेल्मेट होतं का?" असं आपण विचारतो का? विचारतो, पण निदान निघताना, चपला घालता घालता, हळू आवाजात. इथे दारातच. आत काय होतं हे एकानेही विचारलं नाही.

नाही, एकाने विचारलं. तेही आत काय होतं ते नाही, पण निदान दुसरं काहीतरी.

कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक काका बसले होते. दुधाच्या रिकाम्या पिशवीत प्रिंटरचं कार्ट्रिज घेऊन रिफिलसाठी आलेले. खिशाला दोन पेनं.

"टकटक करते?"

"हो."

"लोड आल्यावर, की सुरुवातीपासून?"

प्रश्न बरोबर होता, हे मला कबूल करावंच लागेल. "सुरुवातीपासून. पण मधूनमधून."

"बेअरिंग," काका म्हणाले आणि स्टुलासकट पुढे सरकले.

मुलाने डिस्क केबलला जोडली. ती फिरायला लागली आणि शहाण्या मुलासारखी गप्प बसली. दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो तसं. काकांनी काउंटरवरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक डिस्कच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. त्याच वेळी आलेल्या एका गिऱ्हाइकाने माउसची किंमत विचारली. काकांनी डोळे न उघडता "श्श!" केलं. गिऱ्हाईक गप्प. दुकानाचा मालक असल्यासारखा तो 'श्श' होता. खुद्द मुलगासुद्धा श्वास रोखून उभा.

"चौतीस वर्षं पिंपरीला मोटारी तपासल्या," काका डोळे मिटूनच बोलत होते. "कानाने. नुसतं ऐकून सांगायचो, ही सहा महिने जाईल, ही वर्षभर, ही परत पाठवा."

तेवढ्यात टक् झालं.

"आणि ही?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे कुटुंबातल्या जबाबदार माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "कितीला घेतली होती?"

मग इलाज. "उघडा. दोन थेंब मशीन ऑइल सोडा. मी सोडतो पाहिजे तर."

मी डिस्कवर हात ठेवला. "काका, उघडून चालत नाही. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. तिच्यावरून वाचणारं हेड जातं ते टेकून नाही, काही नॅनोमीटर वरून, तरंगत. धुळीचा कण म्हणजे त्याच्या वाटेत सिंहगड."

"धूळ चालत नाही?"

"अजिबात नाही."

"मग हे भोक कशाला ठेवलंय?"

मी बघितलं. मुलानेही बघितलं. झाकणावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं आणि शेजारी इंग्रजीत छापलेलं होतं की हे भोक झाकू नये. इतकी वर्षं ही डिस्क माझ्या घरात होती, दर दिवाळीला मी तो डबा उघडून ब्रशने झाडतो. मला हे भोक दिसलेलं नाही.

काकांनी ती ओळ मोठ्याने वाचली, वकिलाने कलम वाचावं तशी. "झाकू नये. म्हणजे उघडं ठेवायचं. टिळक रोडवर." एक बस गेली. "धूळ चालत नाही म्हणता आणि भोक ठेवता."

"ते काहीतरी हवेचं असतं," मुलगा म्हणाला.

"काहीतरी म्हणजे?" मुलगा मोबाइलमध्ये गेला. काकांनी शांतपणे भोकावर अंगठा दाबला, कान जवळ नेला आणि वाट बघितली. टक्. "फरक नाही," ते म्हणाले. आवाजात खरोखरची निराशा होती.

शेवटी मुलाने पावती केली. चेकिंगचे पाचशे, उद्या या. मी मोबाइल नंबर सांगितला. काका कार्ट्रिज मांडीवर घेऊन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मुलगा म्हणाला, "सर, रात्रभर चेकडिस्क लावून ठेवली होती. अकरा टक्क्यांवर अडकलीये. फॉरमॅट मारू का?"

इथे मला विनोद सुचत नाही. दुरुस्त करायची म्हणून त्याने ती आज्ञा दिली. ती आज्ञा न वाचता येणाऱ्या प्रत्येक जागेवर हेडला पुन्हा पुन्हा पाठवत बसते, आणि वर फाइलींच्या नोंदी स्वतःच्या मताने बदलत जाते. अत्यवस्थ माणसाला तपासणी म्हणून रात्रभर पर्वती चढायला लावण्यातला प्रकार. मला न विचारता. त्याचे पाचशे. मी दिले. भांडलो नाही, कारण डिस्क त्याच्या हातात होती.

मग एका डेटा रिकव्हरीवाल्यांना फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, "डेटा किती महत्त्वाचा आहे?" मंगल कार्यालयवाले "पाहुणे कुठले?" विचारतात त्याच सुरात. मी म्हणालो, तसा काही फार नाही. बाई म्हणाल्या, मग पंधरा हजारांपासून. हा 'पासून' मी फ्लॅटच्या जाहिरातींमुळे ओळखतो.

त्या रात्री स्वतःच वाचायला बसलो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. माझ्या डिस्कचा एकंदर निकाल: पास. त्याखाली १९७ क्रमांकाच्या ओळीत ३१२ सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे छोटे कप्पे, प्रलंबित. म्हणजे गणितात भोपळा आणि वर्गोन्नती. प्रलंबित म्हणजे वाचता येत नाही, पण गेला असंही कोणी म्हणायला तयार नाही. त्या जागेवर नवीन काही लिहायला आलं की मगच डिस्क ठरवणार, हाच ठेवायचा की राखीवमधला बदली द्यायचा. सातबाऱ्याच्या फेरफाराची वाट बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. टकटक कशाची तेही कळलं. हेडला वाट सापडत नाही म्हणून ते मागे येतं आणि पुन्हा निघतं. बेअरिंग नव्हे. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे गुगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कांचा हिशेब छापला होता. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांच्या 'स्मार्ट'मधल्या चार मुख्य खुणांपैकी एकीतही काही दिसलं नव्हतं. माझीने निदान दार तरी वाजवलं.

मेव्हण्याने फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. आई म्हणाली, मटार काढून जागा करते. थंड डिस्क बाहेर आली की आत दव धरतं, एवढं मला तोवर कळलं होतं. मटार वाचले.

नवीन दोन टीबीची डिस्क आणली, पेनड्राइव्हवर लिनक्स घेतलं आणि जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरवून घेणारा डीडीरेस्क्यू नावाचा फुकटातला प्रोग्राम लावला. परीक्षेला बाई सांगायच्या, येतात ते प्रश्न आधी सोडवा, अडलात तर पुढे जा, वेळ उरला तर मागे या. हा प्रोग्राम नेमकं तेच करतो. कुठवर आलो ते लिहून ठेवतो, बंद पडलं तर तिथूनच पुढे. रविवारी सकाळी ९९ टक्क्यांच्या वर गेला होता. उरलेल्या एका टक्क्याहून कमी जागेत काय होतं ते अजून कळलेलं नाही. बारसं असेल. सिलिंडरवाला असेल. ही काळजी आधी नव्हती, ती या आठवड्यात नवीन घेतली.

त्याच वेळी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ते भोक कशाचं, विचारलंत का?"

"काका? माझा नंबर कुठून मिळाला?"

"तुम्हीच सांगितला की पावतीला. अहो, मला ६२०३ बेअरिंगचं माप अजून पाठ आहे, तुमचा नंबर काय! बोला. भोक."

मी सांगितलं. आत हवा लागते, कारण हेड हवेच्या गादीवरच तरंगतं. बाहेरचा आणि आतला दाब सारखा राहावा म्हणून ते भोक, आणि त्याच्या आत गाळणी, म्हणून धूळ जात नाही. काही नव्या मोठ्या डिस्कांत हेलियम भरतात, त्यांना भोक नसतं.

पलीकडे बराच वेळ शांतता. कागदावर लिहून घेत असावेत.

"म्हणजे श्वास घेते."

"तसंच म्हणा."

"आणि तिला दम लागलाय."

"काका, हेड अडखळतंय. मी सगळं वाचलंय."

"वाचलं असेल. ऐकलं नाहीत. तुमचं काम झालं की घेऊन या एकदा दुकानात. दुकानातला स्क्रूड्रायव्हर आखूड होता, मी घरचा आणतो."