पुरावा चौकटीच्या कडेला असतो

युद्धात सामान्य माणसांवर झालेल्या अत्याचाराचे व्हिडिओ पुढे पाठवून काही भलं होतं का? कुठेही युद्ध पेटलं की कमेंटमध्ये हा वाद हमखास रंगतो. ‘जगाला कळू दे’ म्हणणारे एकीकडे, ‘मेलेल्या माणसाची विटंबना तरी थांबवा’ म्हणणारे दुसरीकडे. माझं म्हणणं असं आहे की हे व्हिडिओ जपले पाहिजेत, तपासले पाहिजेत आणि योग्य माणसाच्या हाती पडले पाहिजेत. ग्रुपवर फॉरवर्ड करून किंवा स्टेटसला लावून यातलं एकही काम होत नाही. बऱ्याचदा होत असलेलं काम बिघडतं. कसं बिघडतं ते तपशिलात सांगते, पोस्ट लांब होईल.

जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतली एक क्लिप फिरू लागली. लष्करी कपड्यांतले काही जण दोन बायकांना धुळीच्या वाटेवरून चालवत नेतात. एकीबरोबर लहान मुलगी आहे, दुसरीच्या पाठीला तान्हं मूल बांधलेलं आहे. पुढे चौघांनाही गोळ्या घातल्या जातात. कॅमेरूनच्या सरकारने लगेच जाहीर केलं की हे सगळं खोटं आहे, ते आमचे सैनिक नव्हेत. त्याच महिन्यात अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने शस्त्रं आणि कपडे तपासून सरकारचा दावा टिकत नसल्याचं दाखवलं. ऑगस्टमध्ये सरकारला सात सैनिक ताब्यात घेतल्याचं सांगावं लागलं. सप्टेंबरमध्ये बीबीसीच्या आफ्रिका आय या गटाने जागा आणि तारीखही सिद्ध केली.

हे त्यांनी कसं केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. क्लिपच्या सुरुवातीला, माणसं नुसती चालत असताना, मागे डोंगराची एक रांग दिसते. तिची कडा उपग्रह चित्रांवरून तयार केलेल्या उंचसखल नकाशाशी ताडून पाहिली. ती नायजेरियाच्या सीमेजवळच्या झेलेवेत गावापाशी जुळली. मग घरं, झाडं, पायवाटा एकेक करून जुळवल्या. क्लिपमधली कोणती इमारत कोणत्या वर्षाच्या उपग्रह चित्रात आहे आणि कोणत्या वर्षी नाही, यावरून काळाची चौकट ठरली. ती वाट फक्त कोरड्या दिवसांत दिसते, म्हणून महिने कमी झाले. शेवटी चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांची लांबी आणि दिशा मोजून सूर्य कुठे होता ते काढलं. तारीख २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या पंधरवड्यात येऊन थांबली. सैनिकांच्या बोलण्यात आलेलं एक टोपणनाव माणूस शोधायला कामी आलं. सप्टेंबर २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चौघांना दहा वर्षांची आणि एकाला दोन वर्षांची शिक्षा दिली, दोघे सुटले.

या कामात गोळ्या झाडल्या त्या क्षणाची गरज फारच थोडी पडली. डोंगर, भिंत, पायवाट, सावली आणि आवाज यांनी काम केलं. आणि आपण फॉरवर्ड करताना नेमकं हेच सगळं उडवतो. ‘सुरुवातीला काही होत नाही’ म्हणून पहिलं पाऊण मिनिट कापलं जातं. उभी रील बसावी म्हणून दोन्ही कडा छाटल्या जातात, म्हणजे डोंगर गेला. मूळ आवाज काढून करुण संगीत लावलं जातं, म्हणजे ते टोपणनाव, ती बोलीभाषा, लांबून येणारी बांग किंवा गोळीबाराचा आवाज गेला. वर लाल गोल, पट्टी आणि पेजचा लोगो. उरतो तो फक्त मरणारा माणूस. जे सिद्ध करायला उपयोगी होतं ते टाकून जे त्या माणसाला सर्वांत असहाय दाखवतं तेवढंच आपण वाटतो.

‘पण ती क्लिप फिरलीच नसती तर तपास तरी झाला असता का?’ हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ ला दोन महिलांची धिंड काढली गेली. १८ मे रोजी झीरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) नोंदवला गेला आणि तो दोन महिने पडून राहिला. १९ जुलैला व्हिडिओ देशभर गेला, २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पहिली अटकही त्याच दिवशी झाली. व्हिडिओने यंत्रणा हलली, हे मी नाकारत नाही. पण ज्या क्षणी न्यायालयाने दखल घेतली त्या क्षणी फॉरवर्डचं काम संपलं होतं. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या हजारो फोनवर त्या दोघींचे देह फिरत राहिले. त्या फॉरवर्डनी तपासाला काय दिलं? काहीच नाही. त्या बायका जिवंत आहेत, त्यांची मुलं, नातेवाईक, गाव आहे, आणि तो व्हिडिओ आता कायमचा कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आहे. शिवाय लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘निषेध म्हणून टाकलं’ एवढ्याने सुटका होत नाही.

व्हिएतनाममधल्या माय लाईचं प्रकरण बहुतेकांना असं ठाऊक असतं की फोटो छापले गेले आणि अमेरिका हादरली. क्रम तसा नव्हता. १६ मार्च १९६८ ला अमेरिकन सैनिकांनी त्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांना, बायकांना, पोरांना मारलं. व्हिएतनामच्या यादीत ५०४ नावं आहेत, अमेरिकन तपासात आकडा ३४७. लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली याने स्वतःच्या कॅमेऱ्यात रंगीत फोटो काढले होते. ओहायोत परतल्यावर त्याने ते स्लाइड म्हणून काही मंडळांपुढे दाखवलेही. लोकांचा विश्वास बसला नाही आणि काही घडलं नाही. तपास सुरू झाला तो मार्च १९६९ मधल्या एका पत्राने. रॉन रिडेनहॉर हा सैनिक त्या दिवशी तिथे नव्हता. त्याने सोबत्यांकडून ऐकलेलं सगळं लिहून काढलं, कोणती तुकडी, कोणतं गाव, साधारण कधी, कोण काय म्हणालं, आणि ते पत्र सुमारे तीस लोकप्रतिनिधी व अधिकाऱ्यांना पाठवलं. एकही फोटो न लावता. तपास अधिकारी मग हेबर्लीपर्यंत पोचले आणि स्लाइड पुराव्यात आल्या. लेफ्टनंट विल्यम कॅलीवर सप्टेंबर १९६९ मध्ये आरोप ठेवले गेले. वर्तमानपत्रात फोटो आले ते २० नोव्हेंबरला. छापल्यामुळे प्रकरण दाबणं अशक्य झालं हे खरं. पण शिक्षा फक्त कॅलीला झाली, आणि तीही फोटो बघितलेल्या कितीतरी अमेरिकनांना अन्याय्य वाटली. चित्राने माणसाचं मन बदलतंच असा भरवसा ठेवू नका.

आता फाइलचं सांगते, कारण खरा घोटाळा तिथे होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आतला मेटाडेटा, म्हणजे कधी, कोणत्या फोनने, कुठे काढला ही नोंद, निघून जाते. फेसबुकवरून उतरवलेल्या फाइलचंही तेच. प्रत्येक फॉरवर्डबरोबर मूळ कोण हे शोधणं अवघड होतं. आणि धूसर प्रत गुन्हेगाराच्या कामी येते. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या बुचा शहरातल्या रस्त्यावर पडलेल्या मृतदेहांचा व्हिडिओ चालत्या गाडीतून काढलेला होता. रशियाच्या बाजूने लगेच आरोप झाला की एक प्रेत हात हलवतंय, म्हणजे सगळे नट आहेत. जास्त स्पष्ट प्रत बघितल्यावर कळलं की तो हात नसून गाडीच्या काचेवरचा थेंब होता. पुढे उपग्रह चित्रांवरून दिसलं की रशियन सैन्य शहरात असतानाच, मार्चच्या मध्यापासून ते देह त्याच जागी होते. खराब प्रतीने संशयाला जागा दिली, चांगल्या प्रतीने ती बुजवली.

म्हणून तुमचं कुणी युद्धाच्या भागात असेल, तर पुढचं लक्षात ठेवा. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या आपल्याकडच्या मेडिकलच्या मुलांच्या फोनमध्ये काय काय असेल याचा विचार करा. फाइल गॅलरीतून पाठवायला सांगू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फाइल जोडायचं चिन्ह दाबून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवायला सांगा, तशी फाइल न दाबता येते. आली की तिला हात लावायचा नाही. कापायची नाही, फिरवायची नाही, उजेड वाढवायचा नाही. एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर बंद करून ठेवा आणि बघायला, दाखवायला दुसरी वापरा. मग तिचा हॅश काढा, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण. एसएचए-२५६ हा प्रकार घ्या, ६४ अक्षरांची ओळ मिळते. विंडोजमध्ये सर्टयुटिल (certutil) या आज्ञेने निघतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पंचनाम्यातल्या मुद्देमालावर लाखेचं सील असतं तसा हा हॅश. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही आता हॅश लिहावा लागतो, तेव्हा ही परदेशी चैन समजू नका.

सोबत कागदावर लिहा: कुणी काढला, तो कुठे उभा होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, तारीख, स्थानिक वेळ, तुमच्याकडे कधी आणि कशातून आला. काढणाऱ्याचं नाव फाइलसोबत ठेवू नका, वेगळं ठेवा. मूळ फाइल जाहीर टाकू नका, कारण मेटाडेटात त्या माणसाच्या गच्चीचा पत्ता असू शकतो. पुराव्यासाठी मेटाडेटा अमूल्य असतो, आणि चुकीच्या हाती पडला तर त्याच माणसाच्या जिवावर बेततो.

कुणाच्या पोस्टवर दिसलं असेल तर स्क्रीनशॉट पुरेसा नाही. पोस्टची पूर्ण लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ उतरवून घ्या आणि व्हिडिओही उतरवा. वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर लिंक जरूर टाका, पण फेसबुकचे व्हिडिओ तिथे बहुधा नीट साठत नाहीत. हे त्याच दिवशी करा, उद्या ती पोस्ट नसेल. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेने सीरियातल्या नोंदींची चॅनेलच्या चॅनेल हिंसक म्हणून उडवली, काही नंतर परत आली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२० मध्ये आपल्याच जुन्या अहवालांतल्या सोशल मीडियाच्या लिंक तपासल्या, तेव्हा सुमारे ११ टक्के गायब होत्या. आणि काढायला निमित्त काय मिळतं? लोकांनी रिपोर्ट केलेल्या, रक्ताने भरलेल्या, संदर्भ नसलेल्या प्रती. आपल्या फॉरवर्डमुळे मूळ पोस्टसुद्धा जाऊ शकते.

शंका असेल तर आधी जुना आहे का ते बघा. व्हिडिओतली तीन-चार चित्रं थांबवून घ्या, ज्यांवर पट्टी किंवा मजकूर नाही अशी, आणि गूगल लेन्स व यांडेक्स (रशियन शोधसाइट) दोन्हीवर शोधा. एकावर सापडत नाही ते दुसऱ्यावर सापडतं. सर्वांत जुनी तारीख बघा. सीरियाचे फोटो गाझाचे म्हणून फिरतात, आर्मा ३ या गेममधली दृश्यं खऱ्या बॉम्बहल्ल्याची म्हणून फिरतात. असं एक खोटं पकडलं गेलं की पुढची दहा खरी ‘तीही तशीच’ म्हणून उडवता येतात. कॅमेरूनच्या मंत्र्याला ‘फेक’ म्हणून हात झटकणं सोपं गेलं ते याच हवेमुळे.

तपासताना आवाज बंद ठेवा, खिडकी लहान ठेवा. मन सर्वांत जास्त ढवळतं ते आवाजाने. आवाज ऐकायचाच असेल तर चित्र झाकून, वेगळा ऐका.

द्यायचं कुणाला? युक्रेनच्या सरकारी वकिलांनी मार्च २०२२ मध्येच पुरावे घ्यायला वेबसाइट उघडली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं ओटीपीलिंक हे पोर्टल २०२३ पासून आहे. बर्लिनच्या नेमॉनिक या संस्थेने सीरियाचं संग्रहण उभं केलं. आयविटनेस नावाचं अ‍ॅप फोटो काढतानाच जागा, वेळ आणि हॅश बांधून ठेवतं. २०१८ मध्ये काँगोच्या बुकावू इथल्या लष्करी न्यायालयात त्या अ‍ॅपचे फोटो पुरावा म्हणून चालले आणि दोन टोळीप्रमुखांना शिक्षा झाली. मात्र पुरावा असला की न्याय होतोच असंही नाही. लिबियाचा लष्करी कमांडर महमूद अल-वेर्फल्ली याच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१७ मध्ये काढलेलं वॉरंट मुख्यतः सोशल मीडियावर आलेल्या व्हिडिओंवर आधारलेलं होतं. तो कधीच त्या न्यायालयाच्या ताब्यात आला नाही, २०२१ मध्ये तो बेनगाझीत मारला गेला.

चेहऱ्यांचं काय? चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २७, १९४९ चं, युद्धात सापडलेल्या नागरिकांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. माणसाचं हाल होतानाचं चित्र हाही त्याच्यावरचा अत्याचारच, एवढं तेव्हाच्या लोकांनी ओळखलं होतं. चेहरे दाखवणं योग्य ठरलं अशी एक मोठी गोष्ट मला मान्य आहे. ‘सीझर’ या टोपणनावाच्या सीरियन लष्करी छायाचित्रकाराने २०१३ मध्ये कोठडीत मेलेल्यांचे हजारो फोटो बाहेर आणले. पुढे ते नेटवर ठेवले गेले, कारण कुटुंबांना आपलं माणूस आहे की नाही एवढंच कळत नव्हतं. आयांनी हजारो प्रेतांतून आपला मुलगा शोधला. त्याच फोटोंचा न्यायवैद्यक अभ्यास जर्मनीतल्या कोब्लेंझच्या खटल्यात मांडला गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये अन्वर रसलान या माजी सीरियन अधिकाऱ्याला जन्मठेप झाली. तिथे पाहणारा माणूस ठरलेला होता, कारणही ठरलेलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर यातलं काय असतं?

लोकांना कळवायचंच असेल तर मजकूर लिहा. गाव, तारीख, कुणी केलं असा आरोप आहे, कुणी तपासलं, आणि अहवालाची लिंक. चित्र लावायचं तर जळलेलं घर लावा, रिकामा रस्ता लावा. चेहरा झाकायचा तर गडद काळ्या चौकोनाने, हलक्या धूसरपणाने नाही. कपडे, गोंदण आणि आवाज यांवरूनही माणूस ओळखू येतो.

आज रात्री करण्यासारखं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, घरातल्या मुलांच्या आणि आजीआजोबांच्या फोनमध्येही. ग्रुपवर तुम्हीच टाकलेलं असेल तर ‘सर्वांसाठी हटवा’ दोनेक दिवसांपर्यंत चालतं. मात्र फाइल थेट काढणाऱ्याकडून आली असेल, तर ती अजिबात पुसू नका. कदाचित त्याचा फोन आता कुणाकडे तरी जप्त असेल आणि तुमच्याकडची प्रत एकुलती एक असेल.