चौदाचे तीस कोणी केले?

इंग्रज १९४७ ला गेले. पळून न जाता रीतसर लग्न करू पाहणाऱ्यांची नावं आधी जाहीर करायची त्यांची पद्धत मात्र आपण ठेवली. नुसती ठेवली नाही, वाढवली. धार्मिक विधीशिवाय, सरकारी अधिकाऱ्यापुढे लग्न लावू देणाऱ्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाआधीच्या नोटिशीची मुदत १४ दिवस होती, १९५४ ला आपल्याच संसदेने ती ३० केली.

जुना कायदा साधा होता असं मुळीच नाही. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यातलं कोणीही नाही, असं दोघांना लिहून द्यावं लागे. १९२३ ला हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना आपसातल्या लग्नापुरती ही अट सुटली, पण मुलगा कायद्यानेच एकत्र कुटुंबातून बाहेर. एकुलता एक असेल तर बापाला दत्तक घ्यायची मुभा. सरकारी घटश्राद्धच ते, म्हणजे जिवंत माणसाला मेलेला ठरवून घराबाहेर काढणं! धर्म नाकारायची अट १९५४ ने कायमची काढली, हे श्रेय द्यायलाच हवं.

आता नाशिककरांसाठी कामाचं. 'कोर्ट मॅरेज' म्हणून सीबीएसजवळच्या कोर्टात खेटे घालू नका. महापालिकेचं विभागीय कार्यालय फक्त आधीच लागलेल्या लग्नाची नोंद करतं. तुम्हाला हवाय तो विवाह अधिकारी, नोंदणी व मुद्रांक विभागाचा. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस मुक्काम हवा आणि त्याचा पुरावा हवा. घटस्फोटित असाल तर हुकूमनाम्याची प्रत. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का, ते आधीच बघा. 'दिपाली' आणि 'दीपाली' एवढ्यावरही काम अडतं.

खरी गोची पुढे आहे. मुलगा नाशिकरोडचा, मुलगी कायम राहणार संगमनेरची, तर नोटिशीची प्रत तिच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फळ्यावरही लागते. शिवाय नोटीस वही कोणीही फुकट बघू शकतो. घरी कळतं ते असं. म्हणून धोका असेल तर पोलीस संरक्षणाचा अर्ज नोटिशीच्या आधी द्या, नंतर नव्हे.

तीस दिवस सरले की लग्न लावता येतं. नोटिशीपासून तीन महिने उलटले तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साक्षीदार तीन लागतात; चौथा तयार ठेवा, ऐनवेळी एक तरी कच खातो.

हरकतीला घाबरू नका. कारणं चारच चालतात: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मानसिकदृष्ट्या संमती देण्यास असमर्थ असणं, निषिद्ध नातं. 'जात वेगळी' हे त्यात नाही, 'आम्हाला विचारलं नाही' हेही नाही. अधिकाऱ्याने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्याने हरकत मान्य केली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, तेही ३० दिवसांतच. हरकत खोडसाळ निघाली तर घेणाऱ्याकडून भरपाई मिळते, जास्तीत जास्त १००० रुपये. हा आकडा १९५४ च्या कायद्यातला आहे, आणि तो मात्र वाढवावा असं अजून कोणाला वाटलेलं नाही.