एका ‘जी’साठी प्रतिज्ञापत्र

फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या मदतनिसाच्या कोर्सच्या, प्रवेशाला दरवर्षी तेच! बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आहे, मार्क आहेत, अन् पोरगं अडतं कुठे, तर नॉन-क्रिमिलेअरवर, म्हणजे आरक्षणासाठी लागणाऱ्या उत्पन्नमर्यादेच्या दाखल्यावर. अरे, दाखल्याच्या तळाशी मुदत छापलेली असते, ती वाचा ना! 31 मार्चला संपलेला दाखला जुलैत कोण घेणार? नव्यासाठी पालकांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. निकालानंतर अख्खं नागपूर सेतू केंद्रापुढं उभं राहतं. एप्रिलातच अर्ज टाकायला काय होतं?

आणि नाव! मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. टीसीवर वडील ‘रामराव’, दाखल्यावर ‘रामरावजी’. आपल्याकडे ‘जी’ मानानं लागतो हो, पण पडताळणीच्या टेबलावर त्याच एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र मागतात, अन् तेव्हा हातात उरलेला असतो एकच दिवस.