१६०० कोटी पासवर्ड आणि आमची तूरडाळीची साइट

जून २०२५ पासून एक मेसेज दारव्ह्याकडच्या आमच्या शेतकरी गटांवर फिरतोय. गूगल, ॲपल, फेसबुक फुटले, १६०० कोटी पासवर्ड चोरीला गेले, आज रात्रीच पासवर्ड बदला म्हणजे निर्धास्त. लहान साइटवाल्यांनी घाबरू नये, पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की पुरे, असंही त्यात आहे. गटाची तूरडाळ विकणारी साइट मी सांभाळतो, म्हणून लिहितो.

गूगल वगैरे कोणी फुटलेलं नव्हतं. ती चोरलेल्या पासवर्डच्या ३० निरनिराळ्या गठ्ठ्यांची बेरीज होती, बराचसा माल लोकांच्या कॉम्प्युटरमधून व्हायरसने उचललेला. तीच नोंद दोन-तीन गठ्ठ्यांत असायची. एकच पोतं तीनदा काट्यावर चढवून तूर मोजली तर आकडा फुगणारच.

कुलपाचं म्हणाल तर ते वाटेतल्या मजकुरासाठी आहे. चोर बसतो कॉम्प्युटरातच. रेडलाइन, लुम्मा ही असल्या व्हायरसची नावं. ब्राउझरने 'सेव्ह करू का?' विचारून ठेवलेले सगळे पासवर्ड ते एका झटक्यात नेतात. मायक्रोसॉफ्टने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत लुम्मा लागलेले ३,९४,००० च्या वर विंडोज कॉम्प्युटर मोजले.

आमच्याकडे असा व्हायरस मराठी टायपिंगच्या क्रॅक, म्हणजे चोरीच्या फुकट सॉफ्टवेअरमधून आला. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं त्यात लिहिलं होतं आणि हिशेबाच्या पोराने ते इमानदारीनं केलं. 'हॅव आय बीन पोन्ड' ही कुठला ईमेल कुठल्या गळतीत सापडला ते दाखवणारी साइट. तिथे मी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आपलंच असल्याचं सिद्ध करून तपासलं. लहान डोमेनला ते फुकट आहे. आमचे चार ईमेल निघाले. तिघांची गळती भलत्याच जुन्या साइटवरची, पासवर्ड केव्हाच बदललेले. ते सोडून दिले. चौथा हिशेबाचा. पासवर्ड तिथे दाखवत नाहीत, पण त्या ईमेलची पडताळणी करून पाहिलं तर त्यापुढे आमची साइट, होस्टिंग कंपनी आणि एक क्रिकेटची साइट अशी नावं होती. एकाच कॉम्प्युटरवर उघडलेल्या साइट एकत्र, म्हणजे व्हायरसच. किती निघाले याला फार अर्थ नाही. कुठल्या दाराची किल्ली गेली ते बघायचं.

मग आज रात्रीच पासवर्ड बदलायचा का? त्याच कॉम्प्युटरवर बदललात तर नवाही जाईल. शिवाय कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण, चोरली असेल आणि लॉगिन चालू असेल, तर ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. आम्ही आधी मशीन फॉरमॅट केलं, दुसरीकडून पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं, मग दुहेरी पडताळणी लावली.

'आपल्या डायीच्या साइटले कोन पुसते?' असं गटात एक काका म्हणाले. पुसत कोणीच नाही. यादीतल्या किल्ल्या प्रोग्रामच लावून बघतो, त्याला मोठी साइट काय नि डाळीची काय. २०२४ मध्ये कंपन्यांचा डेटा सांभाळणाऱ्या स्नोफ्लेकच्या सुमारे १६५ ग्राहक कंपन्यांना झळ बसली ती अशाच चोरलेल्या पासवर्डनी. काही तर २०२० पासूनचे, कोणी बदललेच नव्हते.

फॉरमॅट झाल्यावर पोराने विचारलं, "दादा, मंग टायपिंग कायनं करू?" विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड फुकटच असतो. हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं.